देणाऱ्या हातालाच न कळलेले दान

दान असे करावे की या हाताचे त्या हाताला कळू नये, अशी आपल्याकडे जुनी शिकवण आहे. गुप्तदानाला मोठे पुण्य मानले गेले ते दात्याचा अहंकार त्यात गळून पडतो म्हणून. परंतु गुप्तदानातही एक गोष्ट गृहीत धरलेली असते. आपण काय देत आहोत आणि किती देत आहोत, हे दात्याला पक्के ठाऊक असते. त्याचे नाव झाकलेले असते. त्याचा निर्णय झाकलेला नसतो. गेल्या पाव शतकात संगणकांच्या जाळ्यांवर दानाचा एक वेगळाच प्रकार रूढ झाला आहे. त्यात दात्याचे नाव तर गुप्त असतेच, पण आपण काय दिले हे पुष्कळदा खुद्द दात्यालाही कळलेले नसते. संगणकातील एक फोल्डर एकदा 'सर्वांसाठी खुला' म्हणून नेमून दिला की पुढे त्यात जी जी फाईल पडेल ती आपोआप जगाच्या हवाली होत राहते. या व्यवस्थेने ज्ञानाच्या प्रसाराचे काम केले आहे आणि सामान्य नोकरदारांच्या नोकऱ्याही घेतल्या आहेत. म्हणूनच तिचा विचार केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

व्यवस्था काय आहे?

सामान्यतः इंटरनेटवरील मजकूर कोणत्या तरी संस्थेच्या मोठ्या संगणकावर साठवलेला असतो आणि वाचणारे तेथे जाऊन तो मागतात. ग्रंथालय आणि वाचक यांच्यातील नात्यासारखे हे नाते असते. त्याऐवजी वाचकांनी परस्परांच्या घरचीच पुस्तके थेट न्यावी, मधले ग्रंथालय नसावे, अशी कल्पना केली तर 'समवयस्क' संगणकांचे जाळे म्हणजे काय ते समजेल. यात प्रत्येक संगणक घेणाराही असतो आणि देणाराही. १९९९ साली अमेरिकेत निघालेल्या 'नॅपस्टर' या सेवेने ही कल्पना घरोघरी नेली. तथापि फाईली वापरणाऱ्यांच्या संगणकांवर असल्या तरी त्यांची सूची नॅपस्टरच्या मध्यवर्ती संगणकावर होती. संगीत कंपन्यांनी दावा लावला, न्यायालयाने त्या बाजूने आदेश दिले आणि २००१ च्या जुलैत ती सेवा बंद पडली. त्यावरून इतरांनी धडा घेतला तो असा की मध्यभागी काहीच ठेवू नये. मार्च २००० मध्ये आलेल्या 'नुटेला' या जाळ्यात मध्यवर्ती सूचीच नव्हती. एडिंबरो विद्यापीठातील इयन क्लार्क या विद्यार्थ्याच्या प्रबंधातून जन्मलेल्या आणि त्याच वर्षी प्रथम उपलब्ध झालेल्या 'फ्रीनेट'ने आणखी एक पाऊल पुढे टाकले. सहभागी होणाऱ्याने आपल्या संगणकातील काही जागा जाळ्याला द्यायची. तेथे येणारे फाईलींचे तुकडे कूटबद्ध असणार. आणि आपल्या जागेत कोणाचे काय ठेवले आहे हे खुद्द जागेच्या मालकालाही वाचता येणार नाही. मागणारा कोण, ठेवणारा कोण आणि मधला निरोप्या कोण, हे ओळखता येऊ नये, हाच त्या रचनेचा उद्देश होता.

आपोआप कशासाठी?

येथे एक प्रश्न सहज उद्भवतो. देणे ही चांगली गोष्ट आहे, तर ती माणसाच्या इच्छेवर का सोडली नाही? तिला यंत्राचा स्वभाव का बनवले? याचे उत्तर संगणकशास्त्रापेक्षा अर्थशास्त्रात सापडते. मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्येच दाखवून दिले होते की ज्या लाभापासून कोणालाही वगळता येत नाही, त्याच्या खर्चाचा वाटा उचलण्याची प्रेरणा मोठ्या समूहातील व्यक्तीला नसते. प्रत्येक जण मनात म्हणतो की आपल्या एकट्याच्या न देण्याने काय बिघडणार आहे! सर्वांनी दुधाने हौद भरायचा ठरवावे आणि सकाळी पाहावे तो हौद पाण्याने भरलेला असावा, ही गोष्ट लहानपणी सर्वांनीच ऐकलेली असते. नुटेलाच्या बाबतीत नेमके हेच घडले. झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातील आयतन अदार आणि बर्नार्डो ह्युबरमन यांनी २००० साली त्या जाळ्याची पाहणी केली, तेव्हा सुमारे ७० टक्के वापरणारे एकही फाईल देत नसल्याचे आढळले. एकूण प्रतिसादांपैकी जवळजवळ निम्मे प्रतिसाद देणाऱ्यांतील वरच्या एक टक्का संगणकांकडूनच येत होते. समतेचे म्हणून गाजलेले हे जाळे मूठभरांच्या औदार्यावर उभे होते.

खेड्यांतील इर्जिकीची पद्धत या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे. एखाद्याच्या शेतातील काम अडले की गावकरी आपापली औते व अवजारे घेऊन येत, दिवसभर राबत आणि संध्याकाळी त्याच्याकडे जेवून घरी परतत. ही पद्धत टिकली ती केवळ परोपकारबुद्धीवर नव्हे. कोण आला आणि कोण आला नाही हे साऱ्या गावाला दिसत असे, आणि न येणाऱ्याला स्वतःच्या पाळीच्या वेळी त्याचा हिशेब मिळत असे. सामाईक साधनसंपत्ती माणसे कशी सांभाळतात याचा अभ्यास एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर केला आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सहभागी कोण हे स्पष्ट असणे, परस्परांवर नजर असणे आणि चुकणाऱ्याला पायरीपायरीने शासन होणे, या अटी त्यांनी महत्त्वाच्या मानल्या. अनामिक जाळ्यात या तिन्ही अटी मुळातूनच बाद होतात. जेथे चेहराच नाही तेथे लाज नाही, आणि जेथे लाज नाही तेथे इर्जिक चालत नाही.

यातून जाळ्यांच्या रचनाकारांनी दोन मार्ग काढले. २००१ मध्ये ब्रॅम कोहेन यांनी तयार केलेल्या 'बिटटॉरंट'ने देवाणघेवाणीचा रोखठोक हिशेब ठेवला. जो देईल त्याला घेतानाही वेग मिळेल. दुसरा मार्ग सक्तीचा, पण न जाणवणाऱ्या सक्तीचा होता. फाईल उतरवून घेताच ती इतरांना देण्याच्या फोल्डरात आपसूक पडावी, म्हणजे देण्यासाठी काही करावे लागणार नाही. न देण्यासाठी मात्र खटपट करावी लागेल. मनुष्याचा आळस आजवर जाळ्याच्या विरुद्ध काम करीत होता, तो आता जाळ्याच्या बाजूने काम करू लागला. युक्ती मोठी चतुर होती यात शंका नाही. तथापि आळसाच्या बळावर मिळवलेली संमती ही कितपत संमती, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही.

जपानचा अनुभव

त्याचे उत्तर जपानला पुढील चार वर्षांत फार महागात मिळाले. तोक्यो विद्यापीठात काम करणाऱ्या इसामु कानेको या संगणकतज्ज्ञाने मे २००२ मध्ये 'विनी' नावाची आज्ञावली विनामूल्य उपलब्ध केली. फ्रीनेटची अनामिकता आणि झपाट्याने फाईल पोहोचवण्याची सोय या दोहोंचा मेळ तिच्यात होता. वापरणाऱ्याने एक फोल्डर देण्यासाठी नेमायचा. त्यातील फाईली कूटबद्ध होऊन इतरांच्या संगणकांत जात, तेथे साठून राहत आणि तेथून पुढे आपोआप वाटल्या जात. ज्या फाईलीला मागणी अधिक तिच्या प्रती अधिक. चित्रपट, गाणी, खेळ यांच्या चोरट्या प्रतींसाठी तिचा सर्रास वापर होऊ लागला आणि नोव्हेंबर २००३ मध्ये दोन वापरकर्त्यांना अटक झाली.

खरा अनर्थ मात्र पुढेच होता. 'अँटिनी' या नावाने ओळखल्या गेलेल्या विषाणूने याच जाळ्यातून प्रवास सुरू केला. निरुपद्रवी फाईलीचे सोंग घेऊन तो संगणकात शिरे, मालकाची पत्रे, कागदपत्रे, पडद्याचे चित्र असे हाती लागेल ते गोळा करी आणि देण्याच्या फोल्डरात नेऊन ठेवी. पुढचे काम विनी स्वतःच पार पाडीत असे. विषाणूला चोरीचा माल कोठे पाठवावा लागत नव्हता; घराचा दरवाजा मालकानेच कायमचा उघडा ठेवलेला होता. मार्च २००४ मध्ये क्योतोच्या एका पोलिसाच्या खाजगी संगणकातून तपासाची कागदपत्रे अशा रीतीने बाहेर पडली. त्यानंतर अणुवीज केंद्रांच्या तपासणीची माहिती फुटली. २००६ च्या आरंभी सागरी आत्मसंरक्षण दलाची गोपनीय माहितीही याच वाटेने गेली. पोलिसांकडे विश्वासाने तक्रार घेऊन गेलेल्या माणसांची नावे अनोळखी लोकांच्या संगणकांवर फिरू लागली. त्या वर्षीच्या मार्चमध्ये तत्कालीन मुख्य कॅबिनेट सचिव शिंझो आबे यांना नागरिकांनी विनी वापरू नये असे जाहीर आवाहन करावे लागले.

अर्थशास्त्रात वस्तूंचे जे वर्गीकरण केले जाते त्यात गुपिताचे स्थान विलक्षण आहे. धान्य वाटले तर साठा घटतो. गाणे वाटले तर साठा घटत नाही, उलट वाढतो. गुपित वाटले तर त्याच्याही प्रती वाढतात. परंतु पहिली प्रत बाहेर पडताक्षणीच त्याचे मोल संपते आणि ते पुन्हा कोणत्याही किमतीला विकत घेता येत नाही. मध्यवर्ती संगणक नसलेल्या जाळ्यात तर फाईल परत मागण्यासाठी जावे असे ठिकाणच नसते. गाण्यांसाठी सोयीचे असलेले जाळे गुपितांसाठी घातक ठरले याचे कारण हे आहे. जाळ्याला या दोन वस्तूंमधील फरक कळत नाही. तो फक्त माणसाला कळतो, आणि 'आपोआप' या शब्दाने नेमका तोच माणूस बाजूला सारला जातो.

दोष कोणाचा?

अशा प्रसंगी दोषी शोधण्याची घाई होते आणि बहुधा दोन माणसे हाती लागतात: साधन बनवणारा आणि हाताखालचा कर्मचारी. क्योतोच्या पोलिसांनी मे २००४ मध्ये कानेको यांना अटक केली. इतरांच्या स्वामित्वहक्कभंगाला साहाय्य केल्याच्या आरोपावरून क्योतो जिल्हा न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये त्यांना १५ लाख येन दंड ठोठावला. ओसाका उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती शिक्षा रद्द केली आणि डिसेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष सुटका कायम केली. साधन चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही कामांना उपयोगी पडणारे असेल, तर निर्मात्याला गुन्हेगार ठरवण्यासाठी त्याच्या हेतूचा त्याहून भक्कम पुरावा लागतो, असा त्या निर्णयाचा मथितार्थ होता. न्याय मिळाला, पण साडेसात वर्षांनी. आणि जुलै २०१३ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, कानेको यांचे निधन झाले. खटल्याच्या त्या काळात विनीची सुधारणा थांबली. ज्याला तिच्यातील उणिवा सर्वांत अधिक ठाऊक होत्या, तोच आरोपीच्या पिंजऱ्यात होता. सुऱ्याने खून झाला म्हणून लोहाराला तुरुंगात घालण्याने पुढचे खून टळत नाहीत, ही साधी गोष्ट पटायला एका प्रगत राष्ट्राला इतकी वर्षे लागली.

दुसरा आरोपी म्हणजे कर्मचारी. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या नीतिविषयक समितीचा एक गोपनीय अहवाल फुटला. तिसांहून अधिक लोकप्रतिनिधींच्या चौकशीची माहिती त्यात होती. एका कनिष्ठ कर्मचाऱ्याने तो घरच्या संगणकावर ठेवला होता आणि त्याच संगणकावर फाईली वाटणारी आज्ञावली होती. त्या कर्मचाऱ्याची नोकरी गेली. कचेरीचे काम घरी नेल्याशिवाय उरकत नाही अशी परिस्थिती कोणी निर्माण केली, हा प्रश्न अशा वेळी विचारला जात नाही. जपानमध्ये तो निदान विचारला गेला. पोलीस आणि सैनिक सरकारी काम स्वतःच्या खाजगी संगणकांवर करीत होते, कारण कचेरीत पुरेसे संगणक नव्हते. माहिती फुटल्यावर संरक्षण खात्याने हजारो नवे संगणक तातडीने विकत घेण्याचे ठरवले. वर्षानुवर्षे वाचवलेला खर्च अखेर बेअब्रूच्या व्याजासह भरावा लागला.

आपला फोल्डर किती उघडा आहे हे सामान्य माणसाला समजते, असे मानणेही चुकीचे आहे. 'काझा' या त्या काळच्या लोकप्रिय आज्ञावलीची दोन अमेरिकी संशोधकांनी परीक्षा घेतली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार संगणकाचा सराव असलेल्या १२ जणांपैकी केवळ दोघांना आपल्या संगणकातील कोणत्या फाईली इतरांना दिल्या जात आहेत हे अचूक सांगता आले. उरलेले दहा जण निष्काळजी होते असे म्हणता येणार नाही. ज्या घराच्या कडीकुलपाची रचना बारांपैकी दहा जणांना उमगत नाही, त्या घरात चोरी झाल्यास सुताराला जाब विचारायला हवा.

अनामिकतेची गरज

इतके सगळे पाहिल्यावर असली जाळी बंदच करावीत, असे म्हणण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. लाचलुचपतीचा पुरावा बाहेर काढणारा कारकून, दडपशाहीच्या राजवटीत बंदी घातलेला ग्रंथ वाचणारा विद्यार्थी, बातमीदाराला कागद देणारा साक्षीदार, या सर्वांना अनामिकतेवाचून संरक्षण नाही. नाव सांगितल्याखेरीज बोलता येणार नाही असा नियम केला, तर बोलतील ते केवळ बलवान. फ्रीनेटचा मूळ प्रकल्प २०२३ पासून 'हायफानेट' या नावाने चालू राहिला आहे, त्यामागे हीच श्रद्धा आहे.

शिवाय अनामिकता असली म्हणजे आपोआपपणा असलाच पाहिजे असे मुळीच नाही. २०१४ मध्ये मायका ली यांनी तयार केलेली 'ओनियनशेअर' ही आज्ञावली त्याचे उत्तम उदाहरण आहे. तीही फोल्डर पाठवते आणि तीही देणाऱ्याचा ठावठिकाणा झाकते. परंतु काय द्यायचे ते माणूस प्रत्येक वेळी स्वतः निवडतो, पत्ता ज्याला द्यायचा त्यालाच देतो आणि फाईली एकदा पोहोचल्या की वेगळी सूचना नसल्यास देणे आपसूक थांबते. येथे आपोआप काय होते तर दरवाजा बंद होतो. विनीमध्ये दरवाजा आपोआप उघडा राहत होता. दोन्ही रचना सारख्याच गुप्त आहेत. एकीत मात्र दात्याची जाणीव शाबूत आहे आणि दुसरीत ती हरवली आहे.

आपल्याकडील बोध

भारतात आज ही गोष्ट दूरची राहिलेली नाही. विद्यार्थ्यांची माहिती स्वतःच्या मोबाईलवरून भरणारे शिक्षक आणि कचेरीचे कागद स्वतःच्याच फोनवरून वरिष्ठांकडे धाडणारे कारकून गावोगाव आहेत. काढलेले प्रत्येक छायाचित्र परस्पर दूरच्या साठ्यात जमा करणारी सोय त्यांच्यापैकी कित्येकांच्या फोनमध्ये चालू असते. ते साठे अनामिक जाळ्यांसारखे सर्वांना खुले नसतात हे खरे. पण 'एकदा होय म्हटले, पुढे आपोआप' हे तत्त्व तेच आहे. एका वर्गाची जन्मतारखांसह यादी, एखाद्या विद्यार्थिनीचा जातीचा दाखला, एखाद्या रुग्णाचा अहवाल हे सगळे ज्यांचे असते त्यांना कोणी विचारलेलेही नसते.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने अंमलबजावणीची व्यवस्था झाली. माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी त्या कायद्याने माहिती गोळा करणाऱ्या संस्थेवर टाकली आहे. ती कागदावर राहू द्यायची नसेल तर तीन गोष्टी कराव्या लागतील. कामासाठी लागणारे यंत्र संस्थेनेच दिले पाहिजे. कर्मचाऱ्याच्या खिशातील फोन ही सरकारची फुकटची मालमत्ता नव्हे. जे जे आपोआप दिले जाते ते मुळात बंद असावे आणि ते उघडण्यासाठी माणसाला जाणीवपूर्वक हात पुढे करावा लागावा. आणि या क्षणी काय काय खुले आहे हे मालकाला एका दृष्टिक्षेपात, त्याच्या भाषेत दिसावे.

याने फुकट घेणाऱ्यांचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहील, हा आक्षेप खरा आहे. आपोआप देणे थांबले तर देणारे घटतील आणि काही जाळी रोडावतील. पण ती किंमत मोजण्यासारखी आहे. इर्जिकीला न येणाऱ्या शेजाऱ्याचे बैल त्याला न सांगता रात्री सोडून आणले, तर शेत नांगरून होईल; गावात दुसऱ्या दिवशी इर्जिक मात्र राहणार नाही. देणे हे माणसाचे काम आहे. ते यंत्राकडे सोपवता येते, पण तसे केल्यावर जे उरते त्याला दान म्हणता येत नाही. या हाताचे त्या हाताला कळू नये हे ठीक. परंतु देणाऱ्या हाताला तरी ते कळायलाच हवे.